कर्जाच्या अर्जातील खरे कारण

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी मी थोडा जड विषय घेऊन उभी राहिले आहे, त्याबद्दल आपण राग मानणार नाही अशी मला खात्री आहे. विषय आहे मनाच्या आजाराचा, आणि त्यापायी घरावर चढणाऱ्या कर्जाचा. मी डॉक्टर नव्हे, वकीलही नव्हे. गेली अकरा वर्षे मंडळाच्या बचत गटाचा हिशेब लिहिते, एवढाच माझा अधिकार. पण हिशेबाची वही किती बोलकी असते, हे घर चालवणाऱ्या बायकांना मी काय सांगावे!

आपल्या कर्जाच्या अर्जावर ‘कारण’ असा एक रकाना आहे. बायका त्यात लिहितात : बाळंतपण, शाळेची फी, छपराची डागडुजी, पित्ताच्या खड्यांचे ऑपरेशन. या अकरा वर्षांत ‘मनाचा आजार’ हे कारण माझ्या वहीत एकदाच आले. मग आपल्या वस्तीत हा आजार नाहीच म्हणावयाचे काय? बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत मोठी पाहणी केली. प्रौढ माणसांत शेकडा दहाहून थोड्या अधिक जणांना कोणता ना कोणता मानसिक विकार आहे, असे तीत आढळले. आणि त्यांतील बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. ज्यांना उपचार मिळत होते, त्यांच्या घरचा औषधपाण्याचा व जाण्यायेण्याचा खर्च महिन्याला हजार-दीड हजाराच्या घरात होता. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण आपली घरे काही निराळ्या मातीची नाहीत.

जिने ते कारण लिहिले, तिची हकीकत तिच्या संमतीने सांगते. नाव मात्र सांगत नाही. तिचा नवरा लेथवर काम करणारा, हाताचा कसबी. एका वर्षी त्याची झोप उडाली. बोलणे मोठमोठे होऊ लागले, हप्त्यावर मोटारसायकल आली, टीव्ही आला. आणि दोन महिन्यांनी हाच माणूस अंथरुणाला खिळला. कोणाशी बोलेना, कामावर जाईना. नोकरी गेली, हप्ते मात्र राहिले. घरच्यांनी बाहेर सांगितले, की कावीळ झाली आहे. आधी अंगारे-धुपारे झाले. मग खाजगी इस्पितळात अकरा दिवस ठेवले. तेव्हा कळले की उत्साहाचे ते उधाण आणि ही मरगळ, ही एकाच आजाराची दोन टोके आहेत आणि गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागतील.

बिलासाठी तिने सावकाराकडून चाळीस हजार रुपये उचलले, दरमहा शेकडा पाच व्याजाने. भगिनींनो, तोंडी हिशेब करा. महिन्याला दोन हजार रुपये नुसते व्याज. वर्षाचे चोवीस हजार. आणि मुद्दल जागच्या जागी! व्याज भागेना म्हणून तिने घरखर्चाला कात्री लावली. ती कात्री पहिल्यांदा गोळ्यांवर पडली, कारण माणूस तर बरा दिसू लागला होता. चार महिन्यांत आजार उलटला. पुन्हा इस्पितळ, पुन्हा बिल, हातांतल्या पाटल्या गहाण. आजाराने कर्ज आणले आणि कर्जाने आजार परत आणला.

ती गटाकडे आली तेव्हा अर्ज पुढे ठेवून मला म्हणाली, “काकू, कारण काय लिहू? कावीळच लिहिते.” मी म्हटले, “अगं, जे असेल ते लिही. गटाच्या वहीला कसली लाज?” तिने खरे ते लिहिले. अर्ज बैठकीत आला, तेव्हा आपल्यातील एक निवृत्त परिचारिका ताबडतोब म्हणाल्या, “जिल्हा रुग्णालयात मनोविकाराचे डॉक्टर बसतात. तुम्ही गेलाच नाहीत?” ती गेली नव्हती, कारण कावीळ झालेल्या माणसाला तिकडे कोण पाठवणार? आज औषधे तिथून विनामूल्य मिळतात. गटाचे कर्ज शेकडा दोनने घेऊन सावकाराला मोकळे केले. नवरा अर्धा दिवस लेथवर जातो. पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत. पण गोळ्या एक दिवसही चुकलेल्या नाहीत.

या प्रसंगातून मला एकच सांगावयाचे आहे. मदतीचे मार्ग आहेत, पण ते खऱ्या नावाने विचारणाऱ्यालाच सापडतात. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. सरकारने चालवलेल्या वा सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळवण्याचा हक्क त्याने प्रत्येकाला दिला, आणि दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला तेथे उपचार विनामूल्य मिळाले पाहिजेत असे सांगितले. महाराष्ट्रात तर १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सर्वांनाच मोफत उपचार आहेत. येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. त्याच कायद्याने विमा कंपन्यांवर बंधन घातले, की शरीराच्या आजाराप्रमाणेच मनाच्या आजारालाही विम्याचे संरक्षण द्यावे. मात्र पुष्कळ विम्यांत इस्पितळात राहण्याचाच खर्च मिळतो, रोजच्या गोळ्यांचा नाही. म्हणून कागद नीट वाचून घ्यावा. गोळ्या विकतच घ्यावयाच्या झाल्या, तर डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रात पाहावे. तेथे त्या पुष्कळ स्वस्त पडतात. आणि परवान्याशिवाय सावकारी करणे हा राज्याच्या २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे करता येते.

आता मंडळाला माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, अर्जाच्या रकान्यात ‘मनाचा आजार’ हे कारण छापूनच टाकावे, म्हणजे ते लिहिताना हात अडखळणार नाही. आणि तो अर्ज कार्यकारिणीबाहेर जाऊ नये. दुसरी, अशा घरातील बाईबरोबर पहिल्या खेपेस रुग्णालयात जाण्यासाठी आपल्यापैकी दोघी-तिघींनी पाळी लावून घ्यावी. केसपेपरच्या रांगेत सोबत असली की धीर येतो. तिसरी, १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक मंडळाच्या फळ्यावर कायमचा लिहावा. ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. ती विनामूल्य असून रात्री-अपरात्रीही तेथे कोणी तरी ऐकून घेते.

या तिन्ही गोष्टींना खर्च म्हणाल तर छपाईचा आणि एस. टी. च्या तिकिटाचा. तेवढा भार आपले मंडळ आनंदाने उचलील, असा विश्वास व्यक्त करून मी आपली रजा घेते.