रक्तस्राव आणि पहिले तीन तास



प्रौढ मनुष्याच्या देहात साधारणपणे ५ लिटर रक्त असते. त्यातील बराचसा भाग अल्पावधीत वाहून गेला, तर हृदय चालू असूनही मेंदू व मूत्रपिंडे यांना पुरेसा प्राणवायू मिळेनासा होतो. अपघातात सापडलेला मजूर असो की नुकतीच बाळंत झालेली स्त्री, दोघांनाही धोका एकाच गोष्टीचा असतो. हा रक्तस्राव औषधाने आवरता येईल काय, या प्रश्नाचे एक उत्तर जपानमधील एका दांपत्याने शोधून काढले.

जखम झाली की रक्तात फायब्रिन या प्रथिनाचे बारीक तंतू तयार होतात. त्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकून गुठळी बनते. परंतु प्लाझ्मिन नावाचे एक विकर हे जाळे विरघळविण्याचे कामही करीत असते. एरवी ही योजना हिताची होय, कारण गुठळ्या कायमच्या राहिल्या तर रक्तवाहिन्या बंद पडतील. मोठ्या रक्तस्रावात मात्र हे विकर अवेळी प्रबळ होते आणि विणले जाणारे जाळे त्याच वेळी उसवू लागते.

महायुद्धानंतरच्या जपानमध्ये संशोधनाची साधने दुर्मिळ होती. शोसुके व उताको ओकामोतो यांनी रक्त हा विषय निवडला, तो व्यवहारी विचाराने: दुसरे काही मिळाले नाही, तरी स्वतःचे रक्त वापरता येईल! उताको आपल्या लहान मुलीला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम करीत. लायसीन या अमिनो आम्लाशी साम्य असणारे पदार्थ गुठळी विरघळण्यास अटकाव करतात, असे या दांपत्यास आढळले. १९६२ मध्ये त्यांनी ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे प्रभावी औषध जगापुढे ठेवले. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावावर त्याची चाचणी व्हावी, अशी उताको यांची इच्छा होती. परंतु त्या काळी प्रसूतितज्ज्ञांचे मन वळविणे त्यांना साधले नाही.

पुढे जवळजवळ अर्धशतक लोटले. २०१० मध्ये ४० देशांतील २०,००० हून अधिक जखमी रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत भारतातील रुग्णालयांचाही सहभाग होता. औषधामुळे मृत्यू घटले, पण एक अट स्पष्ट झाली. दुखापतीनंतर ३ तासांच्या आत औषध दिले तरच लाभ होतो; त्यानंतर दिल्यास अपाय संभवतो. २०१७ मध्ये २१ देशांतील २०,०६० मातांवरील चाचणीचे फल हाती आले. ३ तासांच्या आत औषध मिळालेल्या मातांमध्ये रक्तस्रावाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.७ वरून १.२ वर आले होते. उताको यांची इच्छा पूर्ण झाली. परंतु आदल्याच वर्षी, वयाच्या ९८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले होते.

तथापि, औषध वेळेवर द्यावयाचे तर रक्तस्राव अतिरिक्त आहे हे वेळेवर कळले पाहिजे. येथेच पुष्कळदा चूक होते. रक्त कपड्यात मुरते, इतर द्रवांत मिसळते आणि नुसत्या नजरेचा अंदाज कमी पडतो. यावर उपाय म्हणून प्लास्टिकची एक साधी चादर वापरात आली. ती प्रसूत स्त्रीच्या खाली अंथरतात. तिच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी असून तीवर मापाच्या खुणा असतात. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात, खेड्यांतील प्रसूतींवर झालेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रक्त अशाच चादरीने मोजले गेले होते.

२०२३ मध्ये आफ्रिकेतील केनिया, नायजेरिया, टांझानिया व दक्षिण आफ्रिका या चार देशांतील ८० रुग्णालयांचा अनुभव प्रसिद्ध झाला. तेथे काही रुग्णालयांत या चादरीने रक्त मोजले गेले आणि खूण ओलांडताच गर्भाशय चोळणे, ते आकुंचित करणारी औषधे, ट्रॅनेक्झॅमिक आम्ल, शिरेवाटे द्रव व तपासणी हे सर्व उपचार एकामागून एक वाट न पाहता एकत्रच केले गेले. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचे प्रमाण तेथे सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळले.

यांतील एकही साधन मोठ्या शहरापुरते मर्यादित राहावे असे नाही. ज्या आरोग्य केंद्रात बाळंतपणे होतात, तेथील परिचारिकेच्या हाताशी मापाची चादर व औषध असणे, आणि खूण ओलांडताच उपचार सुरू करण्याची मुभा तिला असणे, यावरच त्या पहिल्या तीन तासांचा उपयोग अवलंबून आहे.