परिषदेपुढें मांडावयाचा विषय

विद्यापीठांच्या व महाविद्यालयांच्या कारभाराचा विचार करण्यासाठीं परिषदा भरविण्याची चाल आतां सर्वत्र रूढ झाली आहे. परिषद भरण्यापूर्वीं कांहीं महिने चालकांकडून एक पत्रक निघतें. आपण कोणता विषय मांडणार व तो कोणत्या रीतीनें मांडणार, हें दोन-तीनशें शब्दांत लिहून पाठवावें, अशी त्यांत विनंति असते. हीं पत्रकें मोठ्या शहरांपुरतींच राहत नाहींत. उल्हास नदीच्या खोऱ्यांतील अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर येथील महाविद्यालयांच्या कचेऱ्यांतूनहि तीं टेबलावर पडलेलीं असतात. त्यांना जीं उत्तरें जातात, त्यांतील पुष्कळशीं एकाच सांच्यांतून निघाल्यासारखीं दिसतात. 'उच्च शिक्षणाचा कारभार : काल, आज व उद्यां' असें भारदस्त नांव द्यावयाचें आणि आंत सर्वांना आधींच मान्य असलेलीं चार वाक्यें घालावयाचीं. अशा निबंधास कोणी विरोध करीत नाहीं आणि कोणी त्याची आठवणहि ठेवीत नाहीं.

वस्तुतः सांगण्याजोगें जवळ कांहींच नसतें, असें नव्हे. जांभूळसारख्या गांवांतून रोज रेल्वे गांठून शिकावयास जाणारी मुलगी प्रवेशाच्या कोणत्या पायरीवर अडते, फीच्या कोणत्या हप्त्याला तिचें नांव पटावरून उतरतें, हें कचेरींतील कारकुनाला ठाऊक असतें. परंतु तें परिषदेंत सांगण्याच्या योग्यतेचें आहे, असें त्याला वाटत नाहीं. योग्यतेचा विषय म्हणजे कोणता, याचा उलगडा एका गणिताच्या प्राध्यापकाच्या उदाहरणानें चांगला होतो.

धोंडो केशव कर्वे १८९१ पासून १९१४ पर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत असत. १८९६ सालीं त्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढला, १९०० सालीं तो हिंगण्यास नेला, आणि १९०७ सालीं महिला विद्यालय सुरू केलें. पुढें १९१५ सालीं टपालानें त्यांच्या हातीं एक पुस्तिका आली. तोकियो येथें नारुसे जिन्झो यांनीं १९०१ सालीं स्थापिलेल्या महिला विद्यापीठाची माहिती तींत होती. बनारसचे बाबू शिवप्रसाद गुप्त यांनीं ती पाठविलेली होती. कर्व्यांनीं ती चाळली आणि बाजूस ठेविली. इतक्यांत त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मुंबईस भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचें अध्यक्षपद त्यांजकडे चालून आलें. आतां भाषणास विषय हवा होता. बाजूस ठेविलेली पुस्तिका पुन्हां बाहेर निघाली.

ही परिषद शिक्षणाच्या कारभाराची नव्हे. न्यायमूर्ति रानडे व दिवाणबहादूर रघुनाथराव यांनीं १८८७ सालीं मद्रासेस ती सुरू केली, ती एकंदर समाजसुधारणेसाठीं. अशा सभेंत अध्यक्षानें बालविवाह, विधवाविवाह, जातिभेद अशा सर्व विषयांना थोडा थोडा हात लावून टाळ्या घ्याव्या, यांत कोणालाहि वावगें वाटलें नसतें. कर्व्यांनीं भाषणाचा भर एकाच गोष्टीवर ठेविला : हिंदुस्थानांत स्त्रियांसाठीं स्वतंत्र विद्यापीठ काढावें.

या सूचनेचा गाभा पाहिला म्हणजे ती गणिताच्या माणसानें केली आहे, हें ध्यानांत येतें. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. त्यास अठ्ठावन्न वर्षें होऊन गेलीं होतीं, आणि पदवीपर्यंत पोंचलेल्या स्त्रिया समाजाच्या मानानें अगदीं थोड्या होत्या. ज्यांना त्या वाटेनें जाववतें त्यांनीं जावें, त्यांना अडविण्याचा हेतु नव्हता. प्रश्न होता तो मागें राहणाऱ्या असंख्यांचा. त्यांना शिकावयाचें तर शिक्षण मातृभाषेंतून मिळालें पाहिजे. इंग्रजी हा विषय म्हणून आवश्यक असावा, परंतु इतर विषयांचें ओझें तिनें वाहूं नये. आणि अभ्यासक्रमांत गृहशास्त्र, आरोग्यशास्त्र यांसारख्या विषयांना जागा असावी. सरकारी सनद मिळेपर्यंत थांबूं नये, हा त्यांतला सर्वांत धाडसाचा भाग.

आक्षेप लागलीच आले. महात्मा गांधींना मातृभाषेचें तत्त्व मनापासून मान्य होतें, परंतु इंग्रजीची सक्ति पसंत नव्हती. कर्व्यांनीं तेवढ्यासाठीं आपला मुद्दा सोडला नाहीं. दुसऱ्या बाजूनें असें म्हटलें गेलें कीं, स्त्रियांस निराळा अभ्यासक्रम देणें म्हणजे त्यांस हलकी पदवी देणें होय. हा आक्षेप पोकळ नव्हता, आणि काळानें बऱ्याच अंशीं तोच खरा ठरविला आहे. आज त्याच विद्यापीठांत मुली अभियांत्रिकी शिकतात. स्त्रीच्या वांट्याला कोणती विद्या यावी, याची मर्यादा घरच्या उंबऱ्यावरून ठरविणें आतां कोणास पटणार नाहीं. मातृभाषेचा भाग मात्र अद्यापि सुटलेला नाहीं. शंभर वर्षांनंतरहि तो प्रत्येक परिषदेंत नवा म्हणून मांडला जातो, ही थोडी गंमतीची आणि बरीचशी खेदाची गोष्ट आहे.

सूचना मांडून वक्ते घरीं जातात, हा नेहमींचा क्रम. येथें कारभाराचा प्रश्न तेथूनच सुरू झाला. सनद नाहीं, तर विद्यापीठाचा अधिकार आणावयाचा कोठून? तो वर्गणी देणाऱ्या लोकांकडून आणावा, असें ठरलें. वर्गणीदारांचे मतदारसंघ करावयाचे आणि त्यांनीं सीनेट निवडावयाची! सत्तावन्न वर्षांचा हा मनुष्य गांवोगांव हिंडून असे मतदार गोळा करूं लागला. पहिली सीनेट ३ जून १९१६ रोजीं पुण्यास भरली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपति झाले, रँग्लर परांजपे कुलगुरु झाले. परिषदेंतील भाषणास तेव्हां सहा महिनेहि लोटले नव्हते. कॉलेजच्या वर्गांत प्रथम विद्यार्थिनी आल्या पांच.

त्या पांचजणींनीं पत्करलेला धोका कर्व्यांच्या धोक्यापेक्षां लहान नव्हता. मान्यता नसलेल्या पदवीवर आयुष्याचीं वर्षें लावावयाचीं, आणि पुढें नोकरीच्या दारांत उभें राहून ती पदवी खरी आहे, हें पटवावयाचें! विद्यापीठाचा इतिहास सांगतांना देणगीदारांचीं नांवें घेतलीं जातात, तीं घ्यावींतच. परंतु या विद्यार्थिनींच्या घरीं त्या वर्षीं काय बोलणें झालें असेल, याचीहि कल्पना करून पाहावी.

देणगीची हकीकत थोडक्यांत अशी. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं प्रवासांत तोकियोचें तें महिला विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिलें होतें. १९२० सालीं त्यांनीं १५ लाख रुपयांचें दान देऊं केलें, ज्याचें व्याज दरसाल ५२,५०० रुपये येई. त्यांच्या मातोश्रींच्या नांवावरून विद्यापीठास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हें नांव पडलें. १९३६ सालीं मुख्य कचेरी मुंबईस गेली, आणि कायद्याची मान्यता १९५१ सालीं आली. कर्वे तेव्हां त्र्याण्णव वर्षांचे होते.

परिषदेच्या दृष्टीनें याहून बोधक गोष्ट १९२९ सालची आहे. त्या वर्षीं जुलैअखेर जिनीव्हा येथें शिक्षणविषयक परिषद भरली. एकाहत्तर वर्षांचे कर्वे तेथें गेले. मुंबईच्या भाषणांतला विषय आणि हा विषय एकच. परंतु त्यास त्यांनीं दिलेलें नांव पाहावें : 'स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा हिंदुस्थानांतील प्रयोग'. १९१५ सालीं त्यांजपाशीं सांगावयास होतें तें काय व्हावें, एवढेंच. १९२९ सालीं काय झालें, हें होतें. परदेशच्या शिक्षकांना उपदेश नको होता, हकीकत हवी होती. आणि तेरा वर्षांची हकीकत त्यांजपाशीं होती. निबंधाची सूचना लिहिणाऱ्यानें या दोहोंपैकीं आपल्यापाशीं काय आहे, एवढें आधीं ठरविलें तरी निम्में काम होतें. विचार असेल तर तो एकच असावा व पुढचें पाऊल कोण उचलणार तें त्यांत असावें. अनुभव असेल तर आंकड्यांसह असावा, अपयशाचे आंकडे न वगळतां. पटावरून नांव उतरलेल्या मुलींची यादी ज्याच्यापाशीं आहे, त्याच्या हातीं यांतला दुसरा प्रकार तयारच आहे.

जिनीव्हाहून कर्वे डेन्मार्कमधील एल्सिनोर येथें नव्या शिक्षणपद्धतीच्या पुरस्कर्त्यांच्या परिषदेस गेले, मग अमेरिकेंत व्याख्यानें देत फिरले. परततांना ते जपानांत उतरले आणि ज्या संस्थेची पुस्तिका त्यांनीं पंधरा वर्षांपूर्वीं बाजूस ठेविली होती, ती तोकियोस जाऊन डोळ्यांनीं पाहिली. १९३० च्या एप्रिलांत ते स्वदेशीं आले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत आफ्रिकेच्या प्रवासास निघाले.