आकार आधी हाताला, मग जिभेला
(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त बालमंदिराच्या पालकसभेत झालेले भाषण)



घरी पाहुणे आले की चार वर्षांच्या मुलाला भिंतीवरील तक्त्यापुढे उभे करण्याची रीत आता घरोघरी रूढ झाली आहे. "वर्तुळ, चौरस, त्रिकोण" अशी नावे ते घडाघडा म्हणते आणि सर्वांना धन्यता वाटते. परंतु तोच चौरस कोपऱ्यावर उभा केला की मूल त्याला "पतंग" म्हणते; शेंडा खाली आलेला त्रिकोण त्याला त्रिकोणच वाटत नाही. हॉलंडमधील व्हॅन हिले दांपत्याने १९५७ साली आपल्या प्रबंधांत हेच दाखवून दिले. लहान मूल बाजू किंवा कोन मोजत नाही, ते एकूण रूप पाहून आकार ओळखते. हा मुलाचा दोष नव्हे, ती वाढीची पहिली पायरी होय. त्याबद्दल त्याला रागावले, तर ते पाहणे सोडून देते आणि मोठ्यांच्या तोंडाकडे पाहून उत्तर देऊ लागते. खरे नुकसान हेच.

भाषाही मुलाला गोंधळात टाकते. चेंडू गोल, पुरी गोल आणि बांगडीही गोल! एका शब्दात तीन निराळ्या वस्तू कोंबल्या जातात. या ठिकाणी भगवतीसूत्राचे स्मरण होते. तेथे पुद्गलाची पाच संस्थाने, म्हणजे आकार, सांगितली आहेत : परिमंडल, वृत्त, त्र्यस्र, चतुरस्र आणि आयत. परिमंडल बांगडीसारखे, मध्ये पोकळ; वृत्त कुंभाराच्या चाकासारखे, भरलेले; त्र्यस्र शिंगाड्यासारखे; तर आयत दंडासारखे लांब. शिवाय प्रतर म्हणजे सपाट आणि घन म्हणजे भरीव, असा भेदही केलेला आहे. पुरी प्रतरवृत्त, तर चेंडू घनवृत्त. हे शब्द बालकांना घोकायला लावावयाचे नाहीत. पण त्यांमागची सूक्ष्म दृष्टी शिकविणाऱ्यांजवळ अवश्य असावी.

जर्मनीत फ्रोबेलने १८३७ च्या सुमारास बालकांच्या हाती प्रथम लोकरीचा मऊ चेंडू दिला. पुढे लाकडी गोल, घन आणि वृत्तचिती दिली. गोल घरंगळतो, घन स्थिर बसतो, वृत्तचिती मात्र घरंगळतेही आणि उभीही राहते. हा फरक सांगावा लागत नाही, हाताला तो आपोआप कळतो. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये बालगृह सुरू केले. त्यांच्या पद्धतीत मूल लाकडी आकृतीच्या कडेवरून दोन बोटे फिरविते आणि ती तिच्या खाचेत बसविते. चुकली तर ती बसतच नाही. रागावण्यास कोणी लागत नाही. नाव येते त्यानंतर, तेही तीन टप्प्यांनी : "हा त्रिकोण", "त्रिकोण दे पाहू" आणि शेवटी "हा कोणता?" आपल्याकडे मात्र बहुधा तिसऱ्या प्रश्नापासूनच आरंभ होतो.

साधने महाग असतात, ही सबब खरी नव्हे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा शिंपले, बिया, पाने अशा परिसरातील वस्तूंनाच साधनांचे स्थान दिले. घरातील एक चौरस रुमालही पुरेसा आहे. कोपऱ्यावर कोपरा ठेवला की त्रिकोण होतो. काठावर काठ ठेवला की आयत. उलगडला की चौरस परत येतो. तो तिरपा ठेवला तरी चार बाजू सारख्याच आणि चार कोपरेही तसेच. मुलाने हे स्वतःच्या हाताने दहादा करावे. मग कोपऱ्यावर उभा असलेला चौरसही ते निःशंकपणे चौरस म्हणून ओळखू लागेल.

म्हणून नम्र विनंती इतकीच की, सुवर्णमहोत्सवानिमित्त बालमंदिरास काही द्यावयाचे असेल, तर आणखी एक रंगीत तक्ता देऊ नये. खाचांच्या लाकडी पाट्या द्याव्यात. ते न साधल्यास कोऱ्या रुमालांची एक चवड द्यावी. आणि पाहुण्यांसमोर मुलाची परीक्षा घेणे थांबवावे. नाव चार दिवस उशिरा आले तरी बिघडत नाही. बालकाचा स्वतःच्या डोळ्यांवरील विश्वास मात्र एकदा गेला की लवकर परत येत नाही.

जय जिनेंद्र!