उलट बोलणारं पोर

(वर्धापनदिनी विहारात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला ‘पाल्यांचे संगोपन’ हा विषय दिला. मी त्यातलं एकच पोर घेतो. ते कुणाचा भाचा असेल, कुणाची पुतणी. सांगितलं की मुद्दाम उलट करतं, दप्तर भिरकावतं, आईला टाकून बोलतं. शाळेतून चिठ्ठीवर चिठ्ठी येते. आपण म्हणतो, पोर वाया गेलं. कुणी आईलाच बोल लावतं, मग ती बाई लग्नाकार्याला यायचीच बंद होते.

अशा काही मुलांच्या बाबतीत डॉक्टर ‘ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर’ असं निदान करतात. चिडणं, हुज्जत घालणं, मुद्दाम डिवचणं, आपलं खापर दुसऱ्यावर फोडणं हे निदान सहा महिने चाललेलं असावं लागतं, आणि नुसत्या भावंडांच्या भांडणापुरतं नसावं लागतं. चार दिवसांच्या हट्टाला हे नाव चिकटवू नये.

पण खरी गोम पुढेच आहे. या वागण्यामागे पुष्कळदा दुसरंच दुखणं असतं. चौथीतल्या पोराला धडा वाचायला उभं केलं की ते बाक आपटतं. कारण त्याला अक्षरंच लागत नाहीत! सगळा वर्ग हसण्यापेक्षा बाईंनी वर्गाबाहेर काढलेलं त्याला परवडतं. याला डिस्लेक्सिया म्हणतात, आणि बुद्धी चांगली असतानाही तो असतो. कुणाचं चित्त ठरत नाही, तो एडीएचडी. कुणाला कानाने कमी ऐकू येतं. कुणाच्या घरी रोज रात्री दारूचा तमाशा, तर पोर शाळेत शांत कसं बसेल? म्हणून आधी कान-डोळे तपासा, मग मोठ्या सरकारी इस्पितळाच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढा. (बाहेरचं बघायला, अंगारा लावायला जाऊ नका, हे या विहारात सांगावं लागू नये.)

नुसत्या उलटेपणावर अशी खास गोळी नाही. मुख्य उपचार म्हणजे आईबापांनाच वागणं शिकवणं : सूचना एकच, थोडक्यात, ऐकलं की लगेच शाबासकी. आई ‘नाही’ म्हणाली आणि आजीने पदराआडून दहा रुपये दिले, की सगळं पाण्यात.

शाळा नाव काढायची धमकी देते तेव्हा घाबरू नका. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, मारताही येत नाही. अध्ययन अक्षमतेचा दाखला असला तर दहावीला जादा वेळ मिळतो. महाराष्ट्रात 1996 पासून अशा सवलती आहेत. पोर जिवाचं बरंवाईट करीन म्हणालं तर ते नाटक समजू नका, लगेच इस्पितळ गाठा. 14416 हा सरकारी फोन फुकट आहे, रात्रीही लागतो.

इस्पितळात जाताना शाळेच्या वह्या आणि चिठ्ठ्या न्या. आणि मामा लोकांनो, बहिणीसोबत तुम्ही जा. रांग धरायची, पोर आवरायचं आणि डॉक्टरांना सगळं नीट सांगायचं, हे एकटीला जमत नाही. एक खाडा पडेल, पडू द्या.