सरकणाऱ्या बेटावरचं शीड



मी हैदराबादची. घरात मराठी, दाराबाहेर तेलुगू आणि दखनी, आणि शिडाची दोरी पहिल्यांदा हातात धरली ती हुसेनसागरावर. आज ज्या जागेबद्दल बोलणार आहे ती मात्र फार लांब आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नॉर्थ कॅरोलायना राज्यात हॅटरस नावाचं बेट आहे. २०२५ च्या जुलैमध्ये मी आणि माझी भाची तिथे आठ दिवस विंडसर्फिंग करायला गेलो होतो. फोटो दाखवत बसणार नाही, घाबरू नका. मला सांगायचंय ते या बेटाच्या एका सवयीबद्दल. हे बेट जागेवर राहत नाही. आणि जागेवर राहत नाही म्हणूनच आमच्यासारख्यांना तिथे इतकं सुरेख पाणी मिळतं.

भूगोलात अशा बेटाला रोधक बेट म्हणतात. श्रीहरिकोटा आपल्या सगळ्यांना रॉकेटमुळे माहीत आहे. एका बाजूला बंगालचा उपसागर, दुसऱ्या बाजूला पुलिकतचं उथळ सरोवर, मध्ये हे लांबट बेट. तेही याच जातीचं. मालवणजवळ देवबागला गेला असाल तर आणखी सोपं. तो बेट नव्हे, वाळूचा दांडा आहे, पण एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला कर्ली नदीचं शांत पाणी, हे चित्र तेच. हॅटरसला ते प्रचंड मोठं करून बघा. पूर्वेला अटलांटिक, पश्चिमेला पॅम्लिको साउंड नावाचं खाजणासारखं उथळ पाणी. हे साउंड सुमारे १३० किलोमीटर लांब आहे आणि सरासरी खोली जेमतेम पाच-सहा फूट. १५२४ मध्ये व्हेराझ्झानो नावाचा दर्यावर्दी बाहेरून जाताना वाळूच्या पट्टीपलीकडचं हे पाणी पाहून समजला, की हा पॅसिफिकच, आता चीन आलाच! त्याला हसू नये. मी स्वतः त्या काठावर उभी राहिले, पलीकडचा किनारा दिसत नाही.

आता वारा. उन्हाळ्यात बर्म्युडाच्या आसपास हवेच्या जास्त दाबाचं क्षेत्र ठाण मांडून बसतं. त्याभोवती घड्याळाच्या काट्यांसारखी फिरणारी हवा या किनाऱ्यावर नैर्ऋत्येकडून येते, आणि दुपारी जमीन तापली की जोर धरते. मध्ये डोंगर नाही, इमारती नाहीत. राइट बंधूंनी याच वाळूच्या रांगेवर, हॅटरसच्या उत्तरेला, आपले प्रयोग केले ते उगाच नव्हे. त्यांना वारा हवा होता आणि पडायला मऊ वाळू हवी होती. दोन्ही गरजा माझ्याही होत्या.

विंडसर्फिंग म्हणजे काय, हे दोन वाक्यांत. एक रुंद फळी, तिच्यावर सांध्याने जोडलेली डोलकाठी, तिला शीड, आणि हातात धरायला आडवी दांडी, तिला बूम म्हणतात. सुकाणू नाही. डोलकाठी पुढे झुकवली की फळीचं नाक वाऱ्यापासून दूर वळतं, मागे झुकवली की वाऱ्याकडे येतं. होडी चालवणाऱ्याला हे पहिल्यांदा विचित्र वाटतं, कारण हात सतत सुकाणू शोधत असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी माझे हात शोधायचे थांबले. फळीखालून पाण्याचा खळखळाट बदलला, सरसर असा आवाज आला आणि भाची लांबून ओरडली, "मावशी, गुडघे वाकव!" वाकवले. आणि मग जवळजवळ अर्धा किलोमीटर मी एका रेषेत गेले. पन्नाशीनंतर शरीर नवीन काही शिकतं तेव्हा होणारा आनंद वेगळाच असतो, त्यावर जास्त बोलत नाही.

पण कुठल्या बाजूला उतरायचं हे तिथे फार महत्त्वाचं आहे. नैर्ऋत्येचा वारा साउंडवरून बेटाकडे येतो. म्हणजे शीड सुटलं, दमलात, काही मोडलं, तर वारा तुम्हाला हळूहळू काठाला आणून सोडतो, आणि बऱ्याच ठिकाणी नुसतं उभं राहिलं तरी पाणी कंबरेपर्यंतच. तोच वारा रस्त्यापलीकडे, अटलांटिकच्या बाजूला, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तिथे तीच चूक तुम्हाला आत घेऊन जाईल. दोन्ही काठांमधलं अंतर कुठे कुठे चालत पाच-दहा मिनिटांचं. मला तिथे सगळ्यात थरारक काही वाटलं असेल तर ते हेच.

हा उथळपणा आला कुठून? मोठ्या वादळात समुद्राच्या लाटा बेट ओलांडतात आणि पुढची वाळू उचलून मागे, साउंडमध्ये नेऊन टाकतात. बेट पुढून झिजतं, मागून वाढतं. असं शतकानुशतकं ते मुख्य भूमीकडे सरकत आलंय. आपण ज्याला नुकसान म्हणतो ते बेटाचं जेवण आहे.

१९३० च्या दशकात, मंदीच्या काळात, सरकारी मजुरांनी इथे झुडपांची कुंपणं घालून आणि गवत लावून मैलोन् मैल वाळूची टेकाडं उभी केली. हेतू चांगला होता. लोकांना काम मिळालं, मागे रस्ता झाला, गावं वाढली. पण लाटा अडल्या तशी मागे जाणारी वाळूही अडली. पुढची झीज चालूच राहिली. बेट काही ठिकाणी दोन्ही बाजूंनी अरुंद होत गेलं.

एव्हन आणि बक्स्टन या दोन गावांच्या मध्ये असाच एक चिंचोळा भाग आहे. जुन्या काळी कोळी इथे होड्या एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात ओढून न्यायचे. मार्च १९६२ च्या वादळात समुद्राने तिथे बेट फोडून नवी वाट काढली. पुढच्या वर्षी ती बुजवली. त्यासाठी साउंडच्या तळातून वाळू उपसली, म्हणून तिथे खोल डोह झाला, असं सांगतात. पुढे कॅनडातून विंडसर्फर झुंडीने येऊ लागले आणि जागेचं नाव पडलं ‘कॅनेडियन होल’. आज विंडसर्फिंगच्या जगात हे नाव अदबीने घेतलं जातं. आम्ही रोज तिथेच उतरत होतो.

बेट सरकतंय हे तिथल्या लोकांना चांगलं ठाऊक आहे. १८७० चा हॅटरसचा दीपस्तंभ, जवळपास २०० फूट उंच, समुद्र जवळ आला म्हणून १९९९ मध्ये अख्खाच्या अख्खा उचलून रुळांवरून २,९०० फूट आत नेला. एक दीपस्तंभ नेता येतो. घरांच्या रांगा कशा नेणार? रोदान्थे गावात २०२० पासून घरं एकेक करून समुद्रात पडतायत. पडलेल्या घराच्या फळ्या, खिळे, गाद्या कित्येक किलोमीटर पसरतात. पूरविमा घर पडल्यावर पैसे देतो, आधी हलवायला नाही. राष्ट्रीय उद्यान विभागाने २०२३ मध्ये दोन घरं विकत घेऊन पडायच्या आधीच पाडली. मला तो शहाणपणा वाटला, पण दोनच घरं. एव्हन आणि बक्स्टनने २०२२ मध्ये समुद्रातली वाळू उपसून किनाऱ्यावर घातली. आम्ही परतल्यावर दोन-अडीच महिन्यांनी, सप्टेंबरच्या शेवटी, बक्स्टनमध्येच एकामागोमाग घरं कोसळली.

आम्ही ज्यांच्याकडे फळी भाड्याने घेतली त्या बाईंना मी विचारलं, "तुम्ही इथून जाणार का?" त्या म्हणाल्या, "माझे आजोबा इथेच जाळी टाकायचे. बेट थोडं मागे जातंय, मीही थोडी मागे जाईन." मग माझ्या शिडाची गाठ ओढून बघितली आणि ती परत बांधायला लावली.

कोणाला जायचं असेल तर थोडं कामाचं सांगते. नवशिक्यांना जून ते ऑगस्ट बरा, वारा मवाळ आणि पाणी कोमट. कसलेल्यांनी वसंत किंवा शरद ऋतूत जावं. पायात पाण्यातले बूट हवेतच, तळाशी कालवांचे शिंपले ब्लेडसारखे असतात. उथळ पाण्यात पाठीवर पडा, डोक्यावर कधीच नाही. दुपारी पश्चिमेला काळे ढग दिसले, गडगडलं, की लगेच बाहेर या. हातातली डोलकाठी म्हणजे विजेला आमंत्रण. आणि निघण्याआधी बारा नंबरचा महामार्ग उघडा आहे का ते बघून घ्या. आत जायला गाडीचा तो एकच रस्ता आहे, आणि त्याच्यावर वाळू येत असते.