दणका जिरतो कुठे?

(सिंदेवाही येथील शारदीय व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पावसाळा सरला, हलका धान कापणीला आला की माझ्याकडे दरवर्षी एकच तक्रार येते. "सर, गाडी लय उडते जी. एखादे भारी शॉकअप सांगा." मोटार मेकॅनिकचा विषय शिकवण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली आहेत, म्हणून माणसं हक्कानं विचारतात. गॅरेजच्या दारात उभ्या उभ्या पूर्ण उत्तर देता येत नाही. आज तुम्ही तासभर दिलात, तर ते सविस्तर सांगतो.

सुरुवात रेंगीपासून करतो. समोर बसलेल्या जुन्या मंडळींना रेंगी आठवत असेल. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, आणि खाली स्प्रिंग नावाची वस्तूच नाही. तरी लेकीला सासरी पोचवायची असली की घरचं माणूस रेंगीत ढोपरभर तणस अंथरायचं आणि वर गोधडी टाकायचं. तणस दाबलं की दबतं, पण उसळून वर येत नाही. दणका त्याच्यात मुरून जातो. आता त्या जागी नुसती स्प्रिंग ठेवून बघा. तीही दबेल, पण जेवढी दबेल तेवढीच उसळेल, पुन्हा दबेल, पुन्हा उसळेल. बसलेल्या माणसाचा चेंडू होईल. म्हणून गाडीला दोन्ही लागतात, दबून परत येणारी स्प्रिंग आणि उसळी खाऊन टाकणारं तणस. त्या तणसाचं काम आज शॉकअप करतो. त्याच्या नळकांड्यात तेल असतं, आतला दट्ट्या ते तेल बारीक छिद्रांतून ढकलतो आणि दणक्याची सगळी ताकद उष्णतेत जाते. खराब रस्त्यावरून वीस किलोमीटर आल्यावर शॉकअपजवळ जपून हात नेऊन पाहा. तो तापलेला असतो. तुमच्या मणक्यात जाणारा दणका तिथे जिरलेला असतो.

आता थोडं गणित, पण सोपं. स्प्रिंगवर गाडीचं वजन पडलं की ती किती दबते, यावर गाडीचा झोका ठरतो. २५ सेंटिमीटर दबत असेल तर गाडी सेकंदाला एक झोका घेते. १० सेंटिमीटर दबली तर साधारण दीड. ४ सेंटिमीटरच दबली तर अडीच. सेकंदाला एक ते दीड झोका माणसाला मानवतो. त्यापलीकडे जाचायला लागतं, आणि धड सेकंदाला चार ते आठ वेळा वरखाली हललं की सगळ्यात जास्त त्रास होतो. आयएसओ २६३१ हे कंपनांचं मानक याच पट्ट्याला सर्वांत जास्त वजन देतं. आपल्या भागातली लाडकी बोलेरो घ्या. २००० साली आलेली ही गाडी. तिला मागे पाटे आहेत, म्हणजे एकावर एक रचलेल्या पट्ट्यांची स्प्रिंग, माल आणि माणसं दोन्ही ओढण्यासाठी बसवलेले. एकटा माणूस चालवतो तेव्हा पाटे जेमतेम दबतात आणि मागचं अंग फटाफट उडतं. तीच गाडी झाडीपट्टीच्या नाटकाला आठ माणसं भरून निघाली की अंगाला न लागता जाते. तुमचा अनुभव हाच असणार. त्याचं कारण त्या दबलेल्या सेंटिमीटरांत आहे.

यावरून कोणी म्हणेल, मग सगळ्यात मऊ स्प्रिंग टाकू. नाही. मऊ गाडी वळणावर कलते, ब्रेक मारला की नाक खाली घालते, भरली की पोट जमिनीला लावते. गाडी अंगाला मऊ लागावी आणि रस्त्याला घट्ट धरून चालावी, या दोन मागण्या एकमेकींना ओढतात. त्यांचा मेळ कसा घालायचा, हे फ्रान्समध्ये फार सुंदर रीतीने दाखवलं गेलं. सिट्रोएन कंपनीचे पियेर बुलांजे यांनी आपल्या अभियंत्यांना सांगितलं होतं की शेतकऱ्यासाठी अशी गाडी करा, जी अंड्यांची टोपली घेऊन नांगरलेल्या शेतातून जाईल आणि अंडं फुटणार नाही. १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ती गाडी आली, टूसीव्ही नावानं. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या स्प्रिंगा एकमेकींशी जोडलेल्या होत्या. वळणावर ती भलतीच कलायची, पण चाक जमीन सोडत नसे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. मोठमोठ्या अभियंत्यांनी शेतकऱ्याचा रस्ता आणि शेतकऱ्याची टोपली डोळ्यांपुढे ठेवून काम केलं. बांधीच्या धुऱ्यावरून गाडी नेणाऱ्या आपल्या माणसाचा रस्ताही तोच आहे.

चाक जमिनीवर राहणं, हा या सगळ्याचा गाभा आहे. सुख त्याच्या मागून येतं. शॉकअप मेलेला असेल तर चाक सेकंदाला दहा-बारा वेळा थडथड उडतं. काचेआडून ते दिसत नाही. पण जेवढा वेळ चाक हवेत, तेवढा वेळ ब्रेकही हवेत आणि स्टिअरिंगही. आपण ब्रह्मपुरी वनविभागात राहतो. नवरगावच्या रस्त्याला संध्याकाळी चितळांचा कळप समोर येतो, रानडुकरं येतात, वाघही येतो. तिथे ब्रेक मारायची वेळ आली आणि रस्ता खडबडीत असला, तर गाडी किती अंतरात थांबेल हे शॉकअपवर ठरतं. जनावराचा जीव आणि आपला, दोन्ही त्यावर आहेत.

इथे माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो, कारण त्यातून मी शिकलो. बारा वर्षांपूर्वी मी एक जुनी कार घेतली. गाडी खाली घासायची. एका गॅरेजमध्ये सल्ला मिळाला की स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचे बफर बसवा आणि वर स्पेसर टाका, गाडी दीड इंच उचलेल. मी ते बसवले. गाडी उचलली, घासणं थांबलं, मी खूश. दोन महिन्यांनी आई अंगणात पडली आणि तिच्या कमरेचं हाड मोडलं. तिला मागच्या सीटवर आडवं करून सिंदेवाहीहून राजोली, मूल करत चंद्रपूरला नेलं. सत्तर किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. रबरानं स्प्रिंगचे वेढे अडवले होते, त्यामुळे स्प्रिंग कडक झाली होती, आणि प्रत्येक खड्डा सरळ आईच्या हाडात जात होता. ती ओरडत नव्हती. खड्डा आला की माझ्या पत्नीचा हात दाबायची. त्या हातावर चंद्रपूरला पोचेपर्यंत बोटांचे वळ उठले होते.

आईला घरी आणायच्या आधी मी ते सगळं काढलं. कंपनीच्या मापाच्या नव्या स्प्रिंगा, चारही शॉकअप गॅसचे, पुढचे बुश आणि लिंक रॉड नवे. आणि शेवटी अलाइनमेंट. परत येताना मूल यायच्या आत आई झोपली होती.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की आपल्या बहुतेक गाड्यांना भारी सामान नको असतं, झिजलेलं सामान बदललेलं हवं असतं. दणका कुठेतरी जिरतोच. आधी टायरच्या हवेत, मग स्प्रिंगेत, मग शॉकअपमध्ये, मग रबरी बुशांत. यातलं एक मेलं की त्याचा वाटा पुढच्याला जातो, आणि सगळी मेली की तुमच्या मणक्याला.

हवेपासून पाहा. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर कागद चिकटवलेला असतो, त्यावर हवेचा आकडा असतो. तो सोडून "चाळीस भर" म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ज्या कारला तेहतीस हवी तिला चाळीस भरली की टायरच दगड होतो. तसंच मोठ्या अलॉय रिमचं. रिम मोठी झाली की टायरची भिंत आखूड होते, आणि ती भिंत म्हणजे गाडीची पहिली स्प्रिंग. लोखंडी रिम खड्ड्यात वाकली तर हातोड्यानं सरळ करता येते, अलॉय तडकते. दिसायला छान आहे, हे मी मान्य करतो. पण पाथरीच्या बाजूला, खड्ड्यांच्या रस्त्यावर राहणाऱ्यानं ती घेऊ नये.

बुशांबद्दल मात्र मला थोडं थांबू द्या, कारण इथे चांगले मेकॅनिकही चुकतात. खालच्या आर्मचा बुश म्हणजे दोन नळ्यांमध्ये चिकटवलेलं रबर. गाडी जॅकवर असताना, चाक लोंबत असताना त्याचा बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी खाली उतरवताच ते रबर पिळलं जातं आणि कायम पिळलेलंच राहतं. सहा महिन्यांत फाटतं. गिऱ्हाईक म्हणतं, सामान डुप्लिकेट निघालं. सामान चांगलंच होतं. बोल्ट आधी हलका लावायचा, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा दाबून बसवायची आणि मग आवळायचा. माझ्या विद्यार्थ्यांकडून मी हे वर्षाला पन्नास वेळा करून घेतो. आणि पावसाळ्याआधी गाडीच्या खालून जळलेलं ऑईल मारायची जी पद्धत आहे, ती कृपया सोडा. पत्रा वाचतो, पण तेलानं रबर फुगतं आणि सडतं. पाट्यांमधला चिखल मात्र पाण्यानं धुवून काढाच. रोवणीत चिखलणीचे ट्रॅक्टर लोखंडी केजव्हील लावून डांबरावरून जातात, बांधीतला गाळ रस्त्यावर येतो, आणि तोच पाट्यांच्या फटीत जाऊन सुकतो. पाटे एकमेकांना धरून बसतात, सरकत नाहीत, आणि बारीक खड्डासुद्धा अंगात येतो.

शॉकअप नवे घ्यायचे तर जोडीनं घ्या, एक नाही. तेलाचे आणि गॅसचे असे दोन प्रकार मिळतात. सलग खड्ड्यांवर तेलाला फेस येतो आणि फेसाळलेलं तेल दणका धरत नाही. गॅसचा दाब तो फेस थांबवतो, म्हणून आपल्या रस्त्यांना मी गॅसचे सांगतो. त्यासाठी परदेशी नावामागे धावायची गरज नाही. मुंबईत मुलुंडला १९६१ साली गॅब्रिएल इंडिया सुरू झाली, तेव्हापासून शॉकअप आपल्याच राज्यात बनतात. रेसच्या गाडीचे कडक पॉलियुरेथेनचे बुश कोणी दाखवले तर हात जोडा. वळणावर गाडी नेटकी होते, पण रस्त्यातला खडा न् खडा आत ऐकू येतो. गाडी वळणावर फार कलत असेल, तर आधी स्टॅबिलायझरच्या लिंक रॉड पाहा. चाकाखालून खटखट ऐकू येते ती बहुतेकदा त्यांचीच.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीत मनाजोगता बदल करू देत नाही. नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपयांचा दंड आहे, आणि सहा महिन्यांपर्यंतची कैदही होऊ शकते. झिजलेल्या जागी कंपनीच्या मापाचा नवा भाग बसवणं हा बदल नव्हे. दोन-तीन इंच गाडी उचलणं हा बदल आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी त्यावर बोट ठेवेल.

एक बोलणं ग्रामपंचायतीच्या सदस्यांशी. इंडियन रोड्स काँग्रेसनं गतिरोधकाचं माप दिलेलं आहे. लांबी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, वर १७ मीटर त्रिज्येची गोलाई. त्यावरून गाडी ताशी २५ किलोमीटरनं सुखानं जाते. आपल्या गावागावांत मुरमाचे आणि सिमेंटचे हातभर रुंदीचे उंचवटे आहेत. मुलं रस्त्यावर खेळतात, भीती खरी आहे, गतिरोधक हवाच. पण त्याच उंचवट्यावरून बाळंतपणाची बाई रुग्णालयात जाते. जगातला कोणताही शॉकअप त्या उंचवट्याला पुरा पडत नाही. पुढच्या ग्रामसभेत हे माप घेऊन जा.

भाऊबीज झाली की नाटकं सुरू होतील. वडसा, नवरगाव, गावोगाव रात्री गाड्या भरून निघतील आणि पहाटे झोपेच्या डोळ्यांनी जंगलातून परततील. त्याआधी उद्या सकाळी एक काम करा. गाडी थंड असताना चारही टायरांवरून तळहात फिरवा, आधी पुढच्या दिशेनं, मग उलट. हाताला सपाट लागलं तर ठीक. लाटा लागल्या, एक उंच, एक खोल, तर तुमचं चाक रस्त्यावर उड्या मारतंय असं समजा, आणि नाटकाचं तिकीट काढायच्या आधी शॉकअप तपासून घ्या.