शाहिराचा डफ आणि धाग्याचा गोळा



आजचा विषय खरे तर कलेच्या पंडिताने मांडावयाचा. मी कामगार संघटनेचा कार्यकर्ता. माझे शिक्षण गेटसभांत आणि पत्रके लिहिता लिहिता झाले. परंतु राज्यसत्ता आणि कलावंत यांचे नाते हा एकट्या पंडितांचा प्रश्न नव्हे. आपल्या वाळवे तालुक्याला तर तो घरचाच आहे.

वाटेगावी १९२० साली जन्मलेल्या अण्णाभाऊ साठे यांनी १९४३ साली 'स्टालिनग्राडचा पोवाडा' रचला. व्होल्गेकाठची लढाई गिरणगावातल्या माणसाला आपली वाटली, ती डफावर ऐकली म्हणून. पुढे अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. स्वातंत्र्य आले, आणि मुंबई सरकारने त्यांच्या तमाशांवर बंदी घातली. तेव्हा तमाशाचे लोकनाट्य झाले. नाव पालटले, डफ थांबला नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात 'माझी मैना' या छक्कडीत त्यांनी घरधनिणीचा विरह आणि तुटलेला मुलूख एकत्र बांधला. नकाशावर रेघ सरकार ओढते. ती कोणाच्या काळजातून जाते, हे शाहीर सांगतो. १ मे १९६० रोजी राज्य झाले, पण बेळगाव बाहेर राहिले. महाराष्ट्राने २००४ साली त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात दावा लावला.

आता आजच्या कलेकडे वळू. मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांनी २०११-१२ साली एक वस्तू केली: हाताने गुंडाळलेला धाग्याचा गोळा. भारत-पाकिस्तान सीमेवरील ११८८.५ मैल कुंपणाचे माप १ ला १४.९ या प्रमाणात आणून तेवढा धागा गुंडाळला आहे. त्यांच्याच दुसऱ्या कृतीत १०० ध्वनिक्षेपक उलटे टांगले आहेत. लिखाणापायी वा राजकारणापायी तुरुंगात गेलेल्या, आठव्या शतकापासून आजपर्यंतच्या १०० कवींचे शब्द त्यांतून ऐकू येतात. एक आवाज बोलतो, बाकीचे त्याला साथ देतात. आमच्या भाषेत याला संघटना म्हणतात!

कोणी विचारील, हे सारे दालनात, काचेआड. कामगाराला त्याचा काय उपयोग? शंका रास्त आहे. बंदी घालून कला मरत नाही, हे सत्तेला केव्हाच कळले आहे. तिला मानाने काचेत ठेवणे हा अधिक सोयीचा बंदोबस्त होय. शाहिरापुढे हजारांची सभा बसे, म्हणून त्याची भीती होती. दालनात माणूस एकेकटा येतो आणि एकेकटा परततो.

म्हणून दोष कृतीला न देता ती जेथे ठेवली जाते त्या जागेला द्यावा, असे माझे मत आहे. धाग्याचा तो गोळा इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारापुढे ठेवा. सूत मोजण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला कुंपणाची लांबी समीक्षकाच्या आधी समजेल. निपाणीच्या विडी कामगार बाईला विचारा. रेघेच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, तंबाखूने बोटे सारखीच काळी होतात, हे ती सांगेल.

तेव्हा पुढच्या वसंतात या मंडपात व्याख्यानांच्या जोडीला अशी एखादी कृती आणावी, शेजारी शाहिराला उभे करावे, आणि सीमेपलीकडच्या कामगारांना आग्रहाने बोलवावे, अशी माझी चालकांना विनंती आहे. खर्चाची वर्गणी आमची संघटना गोळा करील.